सुतारमेट आणि पुरुषांचे आरोग्य



या पानावर आरोग्याविषयी काही छापून आले की ते कोण वाचते, हे आम्हांला ठाऊक आहे. ते घरची कारभारीण वाचते. कारभारी उसाची बातमी पाहतात, मिरचीवरच्या रोगाचा उपाय पाहतात आणि पान उलटतात. म्हणून आजचा लेख मुद्दाम कारभाऱ्यांसाठी आहे. भगिनींनी तो अवश्य वाचावा. पण वाचून झाल्यावर जेवणाच्या वेळी कारभाऱ्यांच्या समोर ठेवावा, एवढी विनंती.

संकेश्वर, हुक्केरी, निपाणी की गडहिंग्लज, कोठल्याही गावच्या आरोग्य शिबिराचे दृश्य आठवा. मांडवात बायकांची रांग. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हातात जुने कागद. आणि त्यांना मोटारसायकलवरून घेऊन आलेले पुरुष कोठे? ते बाहेर झाडाखाली. बोटात किल्ली फिरवीत उभे. "आत या, रक्तदाब बघू," असे म्हटले की उत्तर ठरलेले: "मला काय झालंय?"

आता दुसरे दृश्य पाहा. त्याच गावात कोणाच्या तरी बोअरची मोटार जळाली आहे आणि पाइप वर ओढायचे काम चालू आहे. न बोलावता दहा माणसे जमतात. कोणी दोर धरतो, कोणी पाना शोधतो, कोणी नुसताच सल्ला देतो. काम दोन तासांचे असते, माणसे चार तास थांबतात. मोटार दुरुस्तीला गेली तरी माणसे हलत नाहीत. उकिडवी बसून बोलत राहतात.

या दोन दृश्यांत आजच्या लेखाचे सगळे सार आहे. तब्येत विचारायला बोलावले तर पुरुष येत नाही. मदतीला बोलावले तर येतो, आणि आला की बोलतो. मग त्याच्या तब्येतीची चौकशी आपण मांडवात कशाला करावी? जेथे तो आपण होऊन येतो तेथेच का करू नये?

घरांची यादी काढून पाहा

विषय थट्टेचा नाही. प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या किंवा गल्लीतल्या घरांची यादी काढावी. विधवा किती आणि विधुर किती, ते मोजावे. नवरा-बायकोच्या वयातले अंतर जमेस धरले तरी फरक डोळ्यांत भरेल. २०१६ ते २०२० या काळातील सरकारी नोंदींप्रमाणे भारतात पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे आणि स्त्रीचे ७१.४ वर्षे होते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी ४२ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते; स्त्रियांत हे प्रमाण १४ होते. २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातले सुमारे १९ पुरुष दारू पितात असे आढळले. स्त्रियांत शंभरात एखादी. आणि सर्वांत जड आकडा असा: २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतील दर दहांत सात पुरुष होते.

ही सात माणसे मुकी नव्हती. त्यांना बायका होत्या, भाऊ होते, शेजारी होते. त्यांना बोलायला जागा मात्र नव्हती.

धाव बसवण्याचा दिवस

अशी जागा आपल्या गावांत पूर्वी होती. तिला आपण सुतारमेट म्हणत होतो. एखाद्या चिंचेखाली किंवा गवताच्या छपराखाली सुताराचा ठोकळा, शेजारी लोहाराचा भाता आणि ऐरण. तेथे आरोग्याची पाटी नव्हती. पण मृगाच्या आधी पंधरा दिवस गावातला प्रत्येक शेतकरी तेथे एकदा तरी येऊन बसत असे. कोणाच्या कुळवाची पास धारेला, कोणाच्या कुरीचे दाते बदलायला, कोणाचे जू नवे करायला.

मेटावरचा मोठा दिवस म्हणजे चाकाला धाव बसवण्याचा. ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टीचे कडे चढवत, तीच धाव. ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवत. मग शेणी रचून तिला लाल होईपर्यंत तापवत. तापली की लोखंड फुगते. चार-पाच जण सांडशींनी ती उचलून एकदम चाकावर ठेवत, वरून घणाचे घाव, आणि लगेच घागरीमागून घागर पाणी. लोखंड आक्रसले की आरे, पुट्ट्या आणि तुंबा करकरत एकमेकांत घट्ट बसत. हे काम एकट्याचे नव्हते. एकाने चूक केली तर दुसऱ्याचा हात भाजे. म्हणून ज्याचे चाक नसे तोही मदतीला थांबे. उद्या त्याचेही चाक येणार असे.

काम झाले की सगळे घाम पुसत बसत. आणि तेव्हा जे बोलणे निघे ते दुसऱ्या कोठे निघत नसे. कोणाच्या पोटात दुखते, कोणाचे भावाशी बिनसले आहे, कोणाचे सोसायटीचे कर्ज थकले आहे. बोलणाऱ्याला कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नसे. नजर हातातल्या कामावर असे. सुताराला तर न सांगताही पुष्कळ कळे. पेरणी तोंडावर आली आणि एखाद्याचे औत मेटावर आले नाही, तर तो आपण होऊन विचारी, "अमका दिसला नाही यंदा? घरी सगळं बरं आहे ना?" आजच्या भाषेत याला आरोग्याची पाहणीच म्हणावे लागेल.

परंतु जुन्या मेटाचे नुसते गोडवे गाणे खरे होणार नाही. तेथे सर्वांना सारखी जागा नव्हती. काहींना ठोकळ्यापासून लांब उभे राहून काम करून घ्यावे लागे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या आज्यांनी ते सोसलेले आहे. मेट पुन्हा उभारायचे तर ते अंतर वगळून उभारायचे, हे आधीच सांगून ठेवतो.

मेट गेले, त्या जागी काय आले?

लोखंडी नांगर आला, रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर आले. बलुत्याचे धान्य बंद झाले. सुताराची मुले शहरात फर्निचरच्या कामाला लागली. यात कोणाचा दोष नाही. बैलामागे दिवसभर चालण्याचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. मात्र औजारांबरोबर ती बसण्याची जागाही गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

आपल्या भागात तालीम आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत गावोगावी तालमींची परंपरा रुजली. तरुणाच्या शरीराला आणि शिस्तीला तालमीसारखी दुसरी जागा नाही. पण चाळिशी उलटली, गुडघे बोलू लागले की माणूस तालमीच्या आखाड्यातून बाहेर येतो. पुढची तीस वर्षे त्याने कोठे जावे?

भगिनींना बचत गट मिळाला. तेथे हिशेबाच्या निमित्ताने चार बायका भेटतात आणि हिशेबाबरोबर मनही मोकळे होते. पुरुषाला सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेच्या दारात पाच मिनिटे मिळतात. एरवी पानपट्टी आहे आणि दारूचे दुकान आहे. दारूच्या दुकानात पुरुष नुसत्या दारूसाठी जातो असे नाही. शेजारी बसायला कोणीतरी मिळते म्हणूनही जातो. त्याला ती सोबत दुसरीकडे मिळाली नाही, तर नुसत्या उपदेशाने त्याचे पाय वळणार नाहीत.

ऑस्ट्रेलियात काय घडले

हीच अडचण दूरच्या ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाही जाणवली. तेथे अनेक घरांच्या मागे हत्यारे ठेवायची एक शेड असते, आणि पुरुषाचा रिकामा वेळ तेथे जातो. पण म्हातारपणी शेत विकले, लहान घरात राहायला गेले की ती शेड सुटते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील गूलवा या गावी १९९३ साली वृद्धांच्या केंद्राला जोडून पुरुषांसाठी अशी एक सामाईक शेड सुरू झाली. त्यात पुढाकार मॅक्सीन चेझलिंग या बाईंचा होता, हे आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावे. पुढे १९९८ च्या जुलै महिन्यात व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या गावी 'पुरुषांची शेड' अशा नावानेच एक शेड उघडली. टोंगाला हे दूधधंद्याच्या मुलखातील लहानसे गाव आहे, म्हणजे आपल्यासारख्याच शेतकऱ्यांचे.

तेथून ही कल्पना पसरत गेली. २००७ साली त्यांची देशव्यापी संघटना झाली. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पुरुषांच्या आरोग्याचे राष्ट्रीय धोरण आखले, त्यात या शेडना स्थान मिळाले. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. आयर्लंडमध्ये २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली त्यांच्या संघटना झाल्या.

शेडमध्ये करतात काय? खुर्ची दुरुस्त करतात, शाळेसाठी खेळणी बनवतात, गवत कापायचे यंत्र खोलतात, चहा पितात. डॉक्टर नाही, व्याख्यान नाही. अधूनमधून एखादी परिचारिका येते आणि काम चालू असतानाच रक्तदाब पाहून जाते. त्यांचे एक बोधवाक्य आहे, त्याचा आशय असा: पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. धाव बसवणाऱ्या आपल्या आजोबांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेडमध्ये जाण्याने रक्तदाब उतरतो किंवा साखर कमी होते, असे कोणी ठामपणे सिद्ध केलेले नाही. आजवरचा पुरावा बहुतेक त्या पुरुषांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे. ते सांगतात की एकटेपणा गेला, आपला कोणाला तरी उपयोग आहे असे वाटू लागले, आणि दुखणे कोणाला तरी सांगता आले. आम्हांला एवढेही थोडे वाटत नाही.

एका पायाची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते. साखरेचा आजार होता, गोळी कधी घेत कधी नाही. पायाला खिळा लागला. साखरेमुळे पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे दुखले नाही. दुखत नाही म्हणून त्यांनी पाहिले नाही. ते दिवसभर बुटात वावरत, घरी आल्यावर कोणी पाय पाहायचा प्रश्न नव्हता. वास येऊ लागला तेव्हा घरच्यांना कळले. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. नंतर ते आम्हांला म्हणाले, "पूर्वी मेटावर पायाचा अंगठा लाकडावर दाबून बसायचो. चार माणसं पाय बघायची. कुणीतरी म्हणालं असतं."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. कुणीतरी म्हणालं असतं. आपल्याला मेट हवे ते एवढ्यासाठी.

आपल्याकडे मेट कसे मांडावे

याला मोठा निधी लागत नाही. उलट मोठा निधी आला तर भांडणे येतील. आम्ही सुचवतो ते असे.

(१) जागा. चर्चच्या आवारातील एखादी पडवी, कोणाचा रिकामा गोठा, बंद पडलेले गुऱ्हाळ. वर पत्रा, खाली फरशी किंवा चोपलेली जमीन, एक विजेचा दिवा आणि सर्वांना पुरेल असे एक लांब बाक. बाक एकच असावे. त्यावर जातीचे, भाषेचे किंवा पंथाचे टोक नसावे. आपल्या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसे एकाच बांधावर राहतात. करवत दोघांच्याही हातात सारखीच चालते.

(२) दिवस. आठवड्यातून एकच संध्याकाळ, पण ती चुकवायची नाही. बाजाराचा दिवस टाळावा. उसाची तोड आणि पेरणी यांच्या हंगामात तास कमी करावेत, बंद मात्र करू नये. एकदा बंद पडलेले पुन्हा सुरू होत नाही.

(३) हत्यारे. सुरुवातीला नवीन काही घेऊ नये. प्रत्येकाच्या घरी एक रंधा, एक करवत, एक पाना गंजत पडलेला असतो. तो आणावा, त्यावर खूण करावी, वहीत नोंद करावी. पकडशेगडा आणि धारेचा दगड एवढे विकत घेतले तरी पुरे.

(४) काम. कामाला तोटा नाही. फवारणी पंपाचे वॉशर, खुरपी आणि विळ्यांच्या मुठी, कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा, कडबा कुट्टीची पाती, ठिबकच्या नळ्यांची जोडणी, शाळेची मोडकी बाके. महिन्यातून एक काम दुसऱ्याचे करावे: एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे दार, एखाद्या विधवेच्या घरची गळती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हिरण्यकेशीला पूर आला. असा पूर ओसरला की किती घरांत दारे फुगलेली आणि मोटारी चिखलाने भरलेल्या असतात, ते नदीकाठच्यांना ठाऊक आहे. असे मेट आधीपासून असले तर अशा वेळी माणसे जमवायला हिंडावे लागत नाही.

(५) गुरू आणि शिष्य. ज्यांना लाकडाचा सांधा येतो ती माणसे सत्तरीत आहेत. ज्यांना मोटारीचे रिवाइंडिंग येते ती मुले पंचविशीत आहेत. दोघांनी एकमेकांना शिकवावे. ज्याचा हात कापतो त्याने खिळे निवडावेत, चहा ठेवावा. पण कोणीही पाहुणा म्हणून बसू नये. आपला उपयोग संपला, ही भावनाच म्हाताऱ्या पुरुषाला आतून पोखरते.

(६) पैसा. वीस जणांनी महिना पन्नास रुपये दिले तर हजार रुपये होतात. वीज, खिळे, चहा यांना तेवढे पुरतात. दोन-तीन महिन्यांच्या शिल्लकेतून रक्तदाबाचे एक यंत्र येते. बाहेरच्यांची दुरुस्ती करून दिली तर माफक मोबदला घ्यावा. हिशेब फळ्यावर खडूने लिहावा, म्हणजे सर्वांना दिसतो. कोणाच्या देणगीवर उभे राहिलेले मेट ती देणगी संपली की बंद पडते. आपल्या वर्गणीवर चाललेले टिकते. आणि जुनी वस्तू दुरुस्त झाली की नवी घ्यावी लागत नाही, हा फायदा घराचाही आणि जमिनीचाही.

मेटावरची तपासणी

आरोग्याचे काम मेटावर हळूच आणावे. महिन्याच्या पहिल्या संध्याकाळी आशाताईंना किंवा उपकेंद्रातील परिचारिकेला चहाला बोलवावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे, तोंड पाहणे, हे सरकारी आरोग्य केंद्रांचे काम आहे आणि ते मोफत आहे. पुढील गोष्टी मात्र आपल्या आपणही पाहता येतात.

रक्तदाब: पाच मिनिटे शांत बसून मोजावा. वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या वर राहिला तर डॉक्टरांकडे जावे. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, हा गैरसमज आहे.

कंबर: सुताराचा टेप बेंबीच्या पातळीवर फिरवावा. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी. वर असेल तर साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली तर हयगय करू नये.

तोंड: तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, ते पाहावे. मावत नसतील, किंवा पांढरा वा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर लगेच दाखवावे. निपाणी भागाचे पोट तंबाखूवर आहे, हे आम्ही जाणतो. पण पीक घेणे वेगळे आणि गालात धरणे वेगळे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणखी एक: सकाळी दवाने ओली असलेली तंबाखूची पाने उघड्या हातांनी खुडली की निकोटीन कातडीतून अंगात जाते, मळमळ आणि चक्कर येते. हातमोजे घालावेत, दव उतरू द्यावे.

पाय: साखर असलेल्याने मेटावर आल्यावर चप्पल काढून पाय दाखवावेत. यात लाज नाही. का, ते वर सांगितले आहे.

मेटाला कीड कशाने लागते

पहिली कीड दारूची. प्यालेल्या माणसाला त्या दिवशी करवत द्यायची नाही आणि बाहेरही काढायचे नाही. बाकावर बसवून चहा द्यावा, दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जाऊन यावे. ज्याला खरोखर सोडायची आहे त्याला वाट आहे. दारू सोडणाऱ्यांचे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे मंडळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाले. त्याच्या बैठका ठिकठिकाणी चर्चच्या खोल्यांतही भरतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साह्य होते. जुना पिणारा अचानक दारू बंद करू लागला तर त्याला झटके येऊ शकतात. म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

दुसरी कीड राजकारणाची. निवडणूक, कारखान्याचे गट आणि सीमेचा वाद उंबऱ्याबाहेर ठेवावेत.

तिसरी कीड अशी की मेट घरातून पळण्याची जागा होते. बाई गोठा झाडते आणि बुवा मेटावर चहा पितो, असे झाले तर भगिनींनी ते बंद पाडावे. आम्ही त्यांच्या बाजूला असू. मेटावर दुरुस्त झालेली पहिली वस्तू आपल्याच स्वयंपाकघरातली असावी.

एखादा गप्प झाला तर

आता सर्वांत महत्त्वाचे. एखादा नेहमी येणारा दोन आठवडे आला नाही, किंवा येऊन एकटाच बाजूला बसू लागला, झोप नाही म्हणू लागला, आवडीची हत्यारे वाटून टाकू लागला, "माझ्यावाचून कोणाचे अडत नाही" असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या शेजारी बसावे, हातात एखादे काम घ्यावे आणि सरळ विचारावे: "जिवाचं काही वाईट मनात येतंय का?" असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने ओझे उतरते.

त्याने होय म्हटले तर उपदेश करू नये, पापाची भीती घालू नये, कर्जाचा हिशेब मांडू नये. ऐकावे. एकटे सोडू नये. घरातील फवारणीची औषधे त्या दिवसापुरती नव्हे, कायमचीच घराबाहेर कुलपात ठेवावीत. आणि त्याच्यासमोरच १४४१६ हा क्रमांक लावावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. रात्री-अपरात्रीही चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. मेटाच्या भिंतीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. ज्याला गरज आहे तो विचारणार नाही. त्याला न विचारता दिसला पाहिजे.

कर्जाचा आणि शेताचा प्रश्न मेटावर सुटत नाही, हे आम्हांला कळते. उसाचे बिल थकले तर ते बाकावर बसून मिळत नाही. पण अडचण चौघांना कळली की निदान ती एकट्याची राहत नाही. सोसायटीत जायला कोणीतरी सोबत येतो.

पहिले पाऊल

आपला संत योसेफ सुतार होता. १ मे हा श्रमिक योसेफाचा सण १९५५ साली जाहीर झाला. त्या दिवशी मेट उघडायला हरकत नाही. पण त्यासाठी मेपर्यंत थांबायलाही नको. आम्ही एवढेच सुचवतो. येत्या एखाद्या रविवारी प्रार्थनेला येताना प्रत्येक कारभाऱ्याने घरातली एक मोडकी वस्तू पिशवीत घालून आणावी. ढिल्या मुठीचे खुरपे, पाय मोडका पाट, न चालणारा पंप, काहीही. प्रार्थना झाल्यावर घाईने गाडीला किक मारू नये. चिंचेखाली वस्तू मांडाव्यात, आणि कोणाला काय दुरुस्त करता येते ते पाहावे.

त्या दिवशी कोणी कोणाची तब्येत विचारू नये. दोन-तीन रविवार जाऊ द्यावेत. ती आपोआप निघेल.